वेळ द्या म्हणजे नेमकं काय द्या?

अमेरिकेत कुठल्याही कॉलेजचा बास्केटबॉल संघ सलग हरायला लागला की हल्ली लुईव्हिलचं नाव निघतंच. एकच उदाहरण, पण दोन्ही बाजू ते आपापल्या सोयीने वापरतात. एक बाजू म्हणते, केंटकी राज्यातल्या लुईव्हिल विद्यापीठाने प्रशिक्षक केनी पेन यांना दोनच हंगाम दिले. ड्यूक विद्यापीठाने प्रशिक्षक माइक शशेव्स्कींची सुरुवातीची वाईट वर्षं सोसली म्हणून ड्यूक आज ड्यूक आहे. दुसरी बाजू म्हणते, पेन गेले, पॅट केल्सी आले, पैसा ओतला, बाहेरून तयार खेळाडू आणले आणि एका वर्षात ८ विजयांचे २७ झाले. तेव्हा खेळाडू घडवण्याच्या जुन्या गोष्टी आता कुणी सांगू नयेत. मी या शहरात चौदा वर्षं राहतो, दोन्ही काळांतले सामने स्टेडियममध्ये बसून पाहिले आहेत, आणि मला दोन्ही बाजूंचं म्हणणं चुकीचं वाटतं. चूकही एकच आहे. प्रशिक्षक रोज सरावात काय करतो हे दोघंही हिशेबात धरत नाहीत. पहिल्यांना वाटतं, वेळ गेला की खेळाडू आपोआप पिकतो. दुसऱ्यांना वाटतं, तो पिकलेलाच बाजारात मिळतो.

हरणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाला किती हंगाम द्यायचे, दोन की चार, यावर भांडून काही हाती लागत नाही. नोव्हेंबरात संघ ज्या चुकांनी हरत होता, त्याच चुकांनी तो फेब्रुवारीत हरतोय का, हे बघायला हवं. नेतृत्व आहे की नाही, मुलं घडतायत की नाही, हे तिथे दिसतं. विजयांच्या रकान्यात ते खूप उशिरा उमटतं.

आधी पेन यांच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो, कारण ते थोडंथोडकं नाही. १९८६ साली लुईव्हिलने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं त्या संघात पेन पहिल्या वर्षाचे खेळाडू होते. पुढे केंटकी विद्यापीठात जॉन कॅलिपरी यांचे सहायक म्हणून त्यांनी दहा वर्षं काढली. अँथनी डेव्हिस, कार्ल-अँथनी टाउन्स, बॅम अडेबायो असे उंच खेळाडू त्यांच्या हाताखालून गेले आणि त्यांच्याविषयी नेहमी आदरानेच बोलले. मार्च २०२२ मध्ये ते घरी परतले तेव्हा लुईव्हिलच्या पुरुष संघाचे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होते. हे मुहम्मद अलींचं गाव आहे. इथल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये त्या दिवशी किती आनंद होता ते मी पाहिलं आहे, आणि त्या आनंदाला नुसती भावनिकता म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी माझं जमत नाही.

शिवाय त्यांच्या हाती आलेलं घरही पडकं होतं. २०१७ मध्ये एफबीआयने कॉलेज बास्केटबॉलमधल्या लाचखोरीचं प्रकरण बाहेर काढलं, त्यात तेव्हाचे प्रशिक्षक रिक पिटिनो यांची नोकरी गेली. त्याआधीच्या एका वेगळ्या प्रकरणापायी २०१३ चं विजेतेपद २०१८ मध्ये रद्द झालं. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. लाचखोरीच्या चौकशीची टांगती तलवार नोव्हेंबर २०२२ पर्यंत, म्हणजे पेन यांचा पहिला हंगाम सुरू होईपर्यंत डोक्यावर होती. पुढे बंदी येईल की काय, हे माहीत नसताना कुठला चांगला मुलगा अशा ठिकाणी यायला धजावेल? आधीच्या वर्षी संघ १३ सामने जिंकून १९ हरला होता. पेन यांना उभं पीक मिळालं नव्हतं, हे कबूलच करायला हवं.

तरीही पुढची दोन वर्षं नीट पाहिली तर पडक्या घराचं कारण पुरत नाही. पहिल्या हंगामाआधीच्या सरावसामन्यात संघ लेनॉइर-राइन या दुसऱ्या श्रेणीच्या कॉलेजकडून हरला. मग बेलरमिन, राइट स्टेट आणि अॅपलाचियन स्टेट यांच्याविरुद्धचे पहिले तिन्ही सामने एकेका गुणाने गेले. सलग नऊ पराभव झाले. हंगाम संपला तेव्हा ४ विजय आणि २८ पराभव होते. एसीसी या आपल्या गटात २ आणि १८. वर्ष गेलं, खेळाडू बदलले, चौकशीचा निकाल लागला, बंदी काही आली नाही. दुसऱ्या हंगामाआधीच्या सरावसामन्यात संघ पुन्हा दुसऱ्या श्रेणीच्या कॉलेजकडून हरला, या वेळी केंटकी वेस्लियनकडून. शेवटी गटात ३ आणि १७. दोन्ही वर्षांची बेरीज १२ आणि ५२.

आकडे जाऊ द्या, वाईट संघांचे आकडे वाईटच असतात. मी खेळाकडे बघत होतो. एक आक्रमण डोळ्यांसमोर आणा. फटका मारायला मिळणाऱ्या वेळेच्या घड्याळावर तीस सेकंद. गार्ड चेंडू वर आणतो आणि अर्धवर्तुळाबाहेर टप्पे देत उभा राहतो. बाकीचे चौघं आपापल्या जागी, हात खाली. कुणी कुणासाठी अडसर लावत नाही, कुणी मोकळ्या जागेत धावत नाही. घड्याळ दहावर येतं, गार्ड एकटाच तिघांच्या गर्दीत घुसतो आणि चेंडू तरी जातो किंवा अवघड फटका तरी पडतो. नोव्हेंबरात मी हे पाहिलं, जानेवारीत पाहिलं, पुढच्या डिसेंबरातही पाहिलं. पहिल्या वर्षी त्या संघाचे असिस्ट कमी आणि टर्नओव्हर जास्त होते, म्हणजे सहकाऱ्याला बास्केट करून देण्यापेक्षा चेंडू गमावणंच जास्त घडलं. हे त्या मुलांच्या अंगी कौशल्य नव्हतं म्हणून झालं का? एल एलिस हा त्या संघातला सगळ्यात धडाडीचा खेळाडू, मुळात गुण करणारा. त्याच्या जोडीला चेंडू सांभाळणारा अनुभवी पॉइंट गार्ड त्या उन्हाळ्यात आणलाच गेला नाही. दोघांचं काम एकट्यावर आलं, आणि लोक म्हणू लागले की संघात कुणी लीडरच नाही.

हे वाक्य मला फार खटकतं. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांमध्ये लीडर नाही, असं आपण किती सहज म्हणतो. लीडर काय आभाळातून पडतो? ज्याला आपलं काम नेमकं काय ते कळलं आहे, तोच दुसऱ्याला तू इथे उभा राहा म्हणून सांगू शकतो. ज्याचं स्वतःचंच काम दर आठवड्याला बदलतं, तो कुणाला काय सांगणार? मैदानावरचं नेतृत्व सरावात तयार होतं, आणि सराव प्रशिक्षकाच्या हातात असतो.

पेन यांना खेळाडू घडवता येत नव्हते, असं मी म्हणणार नाही. तो त्यांच्यावर अन्याय होईल. ब्रँडन हंटली-हॅटफील्ड या उंच खेळाडूचंच पाहा. दुसऱ्या हंगामात त्याची गुणांची सरासरी आधीच्या जवळपास दुप्पट झाली. पाठीमागे बचावपटू घेऊन वळणं, खांदा घालून जागा करणं, या गोष्टी त्याला पहिल्या वर्षी जमत नव्हत्या, दुसऱ्या वर्षी जमायला लागल्या. म्हणजे पेन यांच्या हातातली कला खरी होती. पण उंच खेळाडू रिंगखाली कितीही तरबेज झाला तरी त्याला चेंडू आणून देणारा लागतो, आणि चेंडू योग्य क्षणी यावा म्हणून बाकीच्या तिघांनी बचाव पसरवावा लागतो. एकाला घडवणं आणि पाच जणांना एकमेकांसाठी घडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्याला हे नवीन नाही. सचिनच्या फलंदाजीबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती, तरी कर्णधार म्हणून २५ कसोटींत त्याच्या वाट्याला ४ विजय आले. एका कामातली थोरवी दुसऱ्या कामाच्या खात्यावर जमा होत नाही.

दोन्ही कामं एकाच माणसाने करून दाखवल्याचं जुनं उदाहरण शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात सापडतं. १९४२ मध्ये रे मायर नावाचा तरुण प्रशिक्षक तिथे आला, आणि त्याला मिळाला जॉर्ज माइकन: सहा फूट दहा इंच उंच, जाड भिंगाचा चष्मा लावणारा, चालतानाही अडखळणारा मुलगा. नोटर डेम विद्यापीठाने त्याला नाकारलं होतं. त्या काळी इतक्या उंच माणसाला बास्केटबॉल येणारच नाही अशी समजूत होती. मायरने त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, बॉक्सिंग शिकवलं, पाय हलके व्हावेत म्हणून नाचाचे धडे दिले. आणि रोज रिंगखाली उभं करून शेकडो फटके, आधी उजव्या हाताने, मग डाव्या. तो सराव आजही माइकन ड्रिल याच नावाने ओळखला जातो. माझी मुलगी शाळेच्या संघात आहे. मंगळवारी संध्याकाळी मी तिला जिममध्ये सोडतो तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या मुली तेच करत असतात. उजवीकडून एक, चेंडू जमिनीला लागू न देता डावीकडून एक, पुन्हा उजवीकडून. तिची प्रशिक्षक शेजारी वही घेऊन उभी असते आणि डाव्या हाताचे किती गेले एवढंच लिहिते. सप्टेंबरात मुलीच्या नावापुढे चार होते, थँक्सगिव्हिंगच्या आसपास अकरा झाले. त्या वेळी त्यांचा संघ एकही सामना जिंकला नव्हता. तरी त्या वहीकडे बघून मला कळत होतं की इथे काम चाललंय.

मायरचं काम एवढ्यावर थांबलं नाही. बाकीच्या चौघांना माइकनला चेंडू कधी द्यायचा, कुठून द्यायचा, हेही त्याने शिकवलं, आणि १९४५ मध्ये डीपॉलने एनआयटी ही देशपातळीवरची स्पर्धा जिंकली.

आता शशेव्स्की. वेळ द्या म्हणणाऱ्यांचं हे सगळ्यात मोठं अस्त्र, आणि वरवर पाहता बिनतोड. १९८० मध्ये ते ड्यूकला आले. पहिल्या वर्षी १७ विजय, १३ पराभव. दुसऱ्या वर्षी १० आणि १७. तिसऱ्या वर्षी ११ आणि १७. मार्च १९८३ मध्ये गटाच्या स्पर्धेत व्हर्जिनियाने त्यांना १०९-६६ असं लोळवलं. देणगीदार त्यांना काढा म्हणून मागे लागले होते. क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी ऐकलं नाही, उलट जानेवारी १९८४ मध्ये नवा करार दिला. म्हणजे लुईव्हिलनेही थांबायला हवं होतं?

बटर्स यांच्या डोळ्यांपुढे काय होतं ते मात्र ही मंडळी सांगत नाहीत. १९८२ च्या उन्हाळ्यात जॉनी डॉकिन्स, मार्क अॅलरी, जे बिलास आणि डेव्हिड हेंडरसन हे चौघे ड्यूकला आले होते. १७ पराभवांचं ते तिसरं वर्ष बऱ्याच अंशी याच पहिल्या वर्षाच्या पोरांच्या पायांवर खेळलं गेलं. ती हरत होती, पण काय करायला सांगितलंय हे त्यांना माहीत होतं. पुढच्याच हंगामात २४ विजय आले. हेच चौघे शेवटच्या वर्षी ३७ सामने जिंकून १९८६ च्या अंतिम सामन्यात पोहोचले. बटर्स यांचा संयम काही आंधळा नव्हता. जे उगवताना दिसत होतं त्याला त्यांनी पाणी घातलं. यूसीएलए विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन वुडन यांचं उदाहरणही असंच अर्धवट दिलं जातं. १९४८ मध्ये आलेल्या वुडन यांनी पहिलं विजेतेपद १९६४ मध्ये मिळवलं हे खरं. पण मधल्या एकाही हंगामात त्यांचे पराभव विजयांपेक्षा जास्त नव्हते.

१९८६ चा तो अंतिम सामना ड्यूक कुणाकडून हरलं? लुईव्हिलकडून, ७२-६९. डेनी क्रम यांच्या त्या संघात पेन बेंचवर होते, म्हणून ही गोष्ट मला जास्त लागते. क्रम हंगामाच्या सुरुवातीला मुद्दाम तगडे प्रतिस्पर्धी घ्यायचे, पराभव पत्करायचे आणि मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत संघ तयार करायचे. अखेरच्या मिनिटात जेफ हॉलचा फटका रिंगला स्पर्शही न करता खाली आला. तो हवेतच पकडून पर्व्हिस एलिसनने बास्केट केली. एलिसन पहिल्या वर्षाचा होता, त्या सामन्यात त्याने २५ गुण केले. हॉल, मिल्ट वॅग्नर, बिली थॉम्पसन असे शेवटच्या वर्षाचे खेळाडू आजूबाजूला होते म्हणून अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला चुकलेला फटका कुठे पडणार याचा नेम साधता आला. सुरुवातीला हरणं आणि मार्चमध्ये वेगळा संघ होणं, हे लुईव्हिलला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नव्हती. ते याच घरातलं शिक्षण होतं.

आणि नुसतं थांबून राहिलं की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. जॉर्जटाउन विद्यापीठाने १९८४ चं विजेतेपद मिळवून देणाऱ्या पॅट्रिक यूइंग यांना २०१७ मध्ये प्रशिक्षक केलं. २०२१ मध्ये त्यांनी गटाची स्पर्धा जिंकली, त्याचं श्रेय त्यांचंच. पण पुढच्या हंगामात संघ गटातले सगळे, एकोणीसच्या एकोणीस सामने हरला. विद्यापीठाने आणखी एक वर्ष दिलं. त्या वर्षी गटात २ विजय आणि १८ पराभव झाले. त्या एका वर्षाची किंमत कुणी मोजली? प्रशिक्षकाला आपण वेळ देतो म्हणतो, तेव्हा तो वेळ आपल्या खिशातला नसतो. कॉलेजच्या खेळाडूकडे चारच हंगाम असतात. त्यातला एक तो एकटाच टप्पे देत, घड्याळ संपायची वाट बघत घालवतो, तेव्हा तो कायमचा जातो. निष्ठेच्या गप्पा मारताना आपण प्रेक्षक हे सोयीस्करपणे विसरतो. जुन्या खेळाडूवरची आपली निष्ठा सध्याच्या खेळाडूच्या वर्षांतून फेडली जाते.

पेन यांना मिळालेली वागणूक गोऱ्या प्रशिक्षकाला मिळाली असती का, असं विचारणाऱ्यांना मी झटकून टाकणार नाही. कृष्णवर्णीय सहायकांना दशकभर उंच मुलांचे प्रशिक्षक म्हणून एका कोपऱ्यात ठेवायचं, आणि मग कुठेही मुख्य प्रशिक्षकपद भूषवलेलं नसताना एकदम देशातल्या सगळ्यात अवघड खुर्चीत बसवायचं, हा अन्याय आहेच. पण तो २०२४ मध्ये त्यांना काढताना घडला असं मला वाटत नाही. तो त्याआधीच्या वीस वर्षांत घडला, छोट्या कॉलेजांनी त्यांना संघ चालवायला दिला नाही तेव्हा. तिसरं वर्ष देऊन त्याची भरपाई झाली नसती.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं, सगळा पैशाचा खेळ, यातही तथ्य आहे. २०२१ पासून खेळाडूला वर्ष न गमावता कॉलेज बदलता येतं आणि स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात. जुलै २०२५ पासून तर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. केल्सी यांनी २०२४ मध्ये जवळजवळ अख्खा संघ नव्याने जमवला आणि त्यामागे देणगीदारांचं बळ होतं, हे उघड आहे. पण नुसत्या पैशाने होत असतं तर इंडियाना विद्यापीठाचं काय झालं? तिथेही माइक वुडसन हे जुने खेळाडू प्रशिक्षक होते, तिथेही बाहेरून नावाजलेले खेळाडू आले, आणि त्याच हंगामात संघ राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचला नाही.

केल्सींचा पहिला हंगाम बारकाईने पाहा. बहामातल्या स्पर्धेत केसीन प्रायरचा गुडघा गेला, आणखी एक गार्ड खांद्याच्या दुखापतीने बाहेर पडला. डिसेंबरच्या मध्याला केंटकीकडून हरले तेव्हा ६ विजय, ५ पराभव होते. खर्च तोपर्यंत झालाच होता, माणसं आणखी कमी झाली होती. तिथून पुढे तो संघ २१ सामने जिंकला आणि ३ हरला, गटात १८ आणि २. डिसेंबर आणि मार्च यांच्या मध्ये काही पैशाची नवी खेप आली नव्हती. मध्ये होता तो सराव. चकी हेपबर्न विस्कॉन्सिनमध्ये तीन वर्षं खेळून आला होता, तिथल्या शेवटच्या वर्षी त्याची सरासरी दहा गुणांच्या आत होती. इथे ती सोळाच्या वर गेली आणि तो गटातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. बाविशीतला, तीन वर्षं खेळलेला खेळाडूही घडतो, हे त्याने दाखवलं. पूर्वी हे काम चार वर्षांत करायला मिळायचं, आता आठ महिन्यांत करावं लागतं. म्हणून ते संपलं नाही, उलट त्यात चालढकल करायची सोय उरली नाही. केल्सींचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत क्रेटनकडून हरला, तोही केंटकीच्या रप अरीनामध्ये, म्हणजे आमच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या घरी. त्या रात्री वाईट वाटलं. पण डिसेंबरातला संघ आणि तो संघ एकच होता असं कुणी म्हणू शकत नव्हतं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसतात. संघ फ्रीडम हॉलमध्ये खेळायचा तेव्हापासूनचा त्यांचा पास आहे, आणि १२-५२ च्या त्या दोन वर्षांतही त्यांनी एकही सामना चुकवला नाही. दुसऱ्या वर्षी जानेवारीतली गोष्ट. ओहायो नदीकाठच्या त्या बावीस हजारांच्या स्टेडियममध्ये लाल खुर्च्या रिकाम्या होत्या, संघ मोठ्या फरकाने मागे पडला होता. आमच्या उंच खेळाडूने रिंगखाली पाठीवर बचावपटू घेतला, उजवीकडे झुकल्यासारखं केलं आणि डाव्या खांद्यावरून वळून अलगद बास्केट केली. म्हाताऱ्यांनी माझा दंड घट्ट धरला. हे त्याला गेल्या वर्षी येत नव्हतं, एवढंच त्यांना सांगायचं होतं, आणि तेवढ्यासाठी त्यांचे डोळे भरून आले होते. पुढच्या आक्रमणाला तो मुलगा पुन्हा त्याच जागी जाऊन उभा राहिला, हात वर करून चेंडू मागत. गार्ड वरच टप्पे देत राहिला. घड्याळ दहावर आलं, पाचवर आलं. मुलाने हात खाली घेतला आणि तो बचावासाठी मागे पळाला.